आईची वही आणि दादाचं मत

दादाचा फोन रविवारी दुपारी येतो. पहिली पाच मिनिटं तब्येतीची, पुढची पाच मुलांची, आणि मग तो सरकारवर घसरतो. सरकार कुठलंही असो. मागचं होतं तेव्हाही तो असाच बोलायचा. फक्त आवाज जरा कमी चढायचा, कारण त्यांना मत त्यानंच दिलं होतं.

त्या रविवारी तो म्हणाला, "पाच वर्षांत सगळं दुप्पट झालंय. सगळं! आणि हे लोक आपले पैसे फुकट्यांना वाटत सुटलेत."

"सगळं काही दुप्पट नाही झालेलं, दादा."

"तू बाजारात जातेस का कधी स्वतः?"

हे मला झोंबलं. बाजारात मीच जाते. दादाच्या घरी जाते ती वहिनी. पलीकडून तिचा आवाज आलाच, "अहो, पण आपल्याकडे तरी कोण जातं?" दादानं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"थांब," म्हटलं, "वही काढते."

वही म्हणजे आईची रोजखर्चाची वही. लांबट, कापडी पाठीची. अशा अकरा वह्या माळ्यावर सुतळीनं बांधून ठेवल्या आहेत. तारीख, तपशील, रक्कम असे तीन रकाने आणि तपशिलात आईची स्वतःची लघुलिपी. 'ला.बि.' म्हणजे लाइटबिल, 'औ.' म्हणजे औषधं, आणि जे कुठंच बसत नाही ते 'किरकोळ'. तिचा हात थरथरायला लागला त्या वर्षापासून पुढचं अक्षर माझं आहे. सवय म्हणून लिहीत राहिले. ती वही कधी वादात पुरावा म्हणून बाहेर काढावी लागेल असं वाटलं नव्हतं.

तीन संध्याकाळी बसून मी पाच वर्षांपूर्वीचे महिने आणि आताचे महिने शेजारीशेजारी मांडले. दुप्पट झालेल्या ओळी होत्या, नाही असं नाही. पण मोजून चार. म्हणजे दादा चुकला. मी फोन उचलणार तेवढ्यात लक्षात आलं की मीही चुकले होते. इतकी वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडत होते ते आठवड्याचं सामान बेताचंच वाढलं होतं. उसळी मारली होती ती वर्षातून एकदा भरायच्या विम्याच्या हप्त्यानं, मुलीच्या शिकवणीनं आणि घरभाड्यानं. यांतलं एकही मी हातानं मोजून देत नाही. खात्यातून परस्पर जातं, फोनवर एक मेसेज येतो आणि तो मी न वाचता पुसते. उलट पिशवी घेऊन गेले की दर आठवड्याला नोटा मोजताना जीव कळवळतो, आणि माझं महागाईबद्दलचं मत त्या कळवळण्यातून तयार झालेलं.

असंच एकदा अख्ख्या देशाचं झालं होतं. १ जानेवारी २००२ ला जर्मनीत युरोच्या नोटा आणि नाणी आली. एक युरो म्हणजे तिथल्या जुन्या चलनाचे १.९५५८३ मार्क, म्हणजे किमतीचे आकडे जवळपास निम्मे व्हायला हवे होते. लोकांची खात्री झाली की दुकानदारांनी मार्कचा आकडा तसाच ठेवून पुढे युरो लिहिलं. 'टॉयर' म्हणजे महाग. त्यावरून युरोला 'टॉयरो' म्हणायला लागले आणि तो त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडलाही गेला. मग युरोपच्या सांख्यिकी कार्यालयानं हिशेब केला. त्या वर्षी युरो वापरणाऱ्या देशांतली महागाई २.३ टक्के होती आणि त्यात चलनबदलाचा वाटा होता फक्त ०.१ ते ०.३ टक्के अंकांचा.

लोक खोटं बोलत होते का? मला नाही वाटत. उपाहारगृहं, केस कापणं, असल्या रोजच्या सुट्ट्या पैशांच्या गोष्टी खरोखरच वर सरकवल्या गेल्या होत्या. भाडं, मोठी यंत्रं, ज्यांवर पैसा जास्त जातो, ती जागच्या जागी होती. पण भाडं आपण महिन्यातून एकदा देतो आणि खिशात हात दिवसातून चारदा घालतो. शिवाय मनातला जुना भाव जिथं गोठला तिथंच होता. दहा वर्षांनंतरही माणसं युरोचे मार्क करून बघत होती, आणि कुठले मार्क, तर २००१ सालचे!

दादाच्या मनात जे 'पाच वर्षांपूर्वी' आहे ते, मला दाट संशय आहे, बारा वर्षांपूर्वीचं आहे. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

वह्या काढल्याच होत्या म्हणून मागे मागे जात राहिले. आईच्या चौथ्या वहीत दर महिन्याला टेलिफोनच्या बिलाखाली दोन रेघा. परगावी केलेले फोन वेगळे लिहिलेले, कुणाला केला त्या नावासकट. टीव्ही घेतला त्या वर्षी त्याचे हप्ते चौदा महिने चाललेत. आज तेवढ्या महिन्यांची बचत न करताही त्याच्या तिप्पट मोठा टीव्ही येतो आणि फोनवर बोलण्याचे पैसे तर कुणी मोजतही नाही. या स्वस्ताईबद्दल मी जन्मात कधी, कुठल्याही सरकारच्या काळात, एक चांगला शब्द काढलेला नाही.

महागलं ते काय, हे ओळींवरून बोट फिरवताना दिसत गेलं. जिथं यंत्र राबतं ते स्वस्त झालं. जिथं दुसऱ्या माणसाला आपल्यासाठी बसून राहावं लागतं ते महागलं. शिकवणी, दवाखाना आणि शेवटची दोन वर्षं, माझ्या अक्षरात, दर महिन्याच्या एक तारखेला 'मावशी'.

रात्रपाळीला आईजवळ थांबणाऱ्या त्या मावशी. एका संध्याकाळी आल्या, बाहेरच्या चपला काढल्या, घरातल्या घातल्या आणि आत न जाता तिथंच उभ्या राहिल्या. "ताई, एक बोलायचं होतं." हातात औषधाच्या दुकानातली एक पावती, तिच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलेला हिशेब. खोलीचं भाडं, बसचा पास, मुलाची फी. आकडे एकाखाली एक, नीट. बेरजेच्या खाली रेघ आणि रेघेखाली मी देत होते त्याहून मोठी रक्कम.

मी म्हटलं, "मावशी, सगळंच महागलंय हो."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर म्हणतेय."

यावर काय बोलणार? माझी महागाई ती त्यांची पगारवाढ होती, आणि त्यांची महागाई त्या पावतीच्या पाठीवर होती. कुणी एक लबाड असता तर किती सोपं झालं असतं. मी थोडं खाली आणलं, त्या थोड्या वर आल्या आणि दोघींनाही आपण हरलो असं वाटलं. त्या रात्री आईला तीनदा उठवून कूस बदलायला लागली. ती त्यांनी बदलली.

अर्थशास्त्रात याला नाव आहे, 'बॉमोलचा आजार'. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या खर्चाचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यात एक कामगार पूर्वीच्या कितीतरी पट माल काढतो, पण बेथोवेनच्या काळात चार वादकांना एक रचना वाजवायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि वादक आजही चारच लागतात. त्यांना कारखान्याच्या तोडीचा पगार दिला नाही तर ते वाजवणं सोडतील. म्हणून मैफल महाग होत जाते, कुणीही उधळपट्टी न करता. कूस बदलायलाही तेवढाच वेळ लागतो.

आता सरकारचा खर्च बघा. शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, चौकातला पोलीस, पाण्याच्या टाकीवरचा माणूस. सरकार चालवतं त्यातलं बरंचसं काम हे असं, माणसानं माणसापाशी उभं राहून करायचं. भ्रष्टाचार, दिखाऊपणा, कंत्राटांतली खाबुगिरी हे सगळं आहेच, त्याला मी पांघरूण घालत नाही. पण ते उद्या शून्यावर आणलं तरी हा खर्च चढतच राहणार. 'सरकारचा खर्च वाढला' ही बातमी वाचली की हल्ली मला ती पेन्सिलीनं मांडलेली बेरीज आठवते. बातमीवरचं माझं मत त्यानं बदलत नाही, नुसतं जरा अडखळतं.

मावशींच्याच ओळीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. आईनं एक विमा घेतला होता, तो पिकला. घेतला तेव्हाच्या वहीत तिनं ती मिळायची रक्कम चौकटीत लिहिली आहे, वर चांदणी काढून. तेव्हा त्यात एखादं छोटं घर आलं असतं. पैसे हातात आले तेव्हा त्यात मावशींचे चार महिने निघाले. कंपनीनं फसवलं नव्हतं. दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता, आकडा तोच होता, आतला पैसा तेवढा आक्रसला होता.

या आक्रसण्याचा पहिला नीट हिशेब, बहुधा, १७०७ मध्ये इंग्लंडात विल्यम फ्लीटवूड या धर्मोपदेशकानं केला. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाचा पंधराव्या शतकातला नियम होता की बाहेरून वर्षाला ५ पौंडांहून जास्त मिळकत असलेल्या माणसाला तिथली विद्यावृत्ती ठेवता येणार नाही. अडीचशे वर्षांनी एक जण अडकला. त्याची मिळकत ५ पौंडांच्या वर होती, पण आता ५ पौंडांत येतं काय? फ्लीटवूडनं धान्य, मांस, पेय आणि कापड या चार गोष्टींचे जुने भाव खणून काढले आणि सांगितलं की तेव्हाचे ५ पौंड म्हणजे आताचे २८ ते ३० पौंड. बिचाऱ्याची विद्यावृत्ती राहिली की गेली ते मला माहीत नाही, पण राहायला हवी होती.

तो नियम अजून जिवंत आहे, जगभर, वेगवेगळ्या खात्यांत. सवलतीसाठी ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा, आयकराच्या पायऱ्या, दंडाच्या रकमा. एखाद्या सरकारनं या पायऱ्या दहा वर्षं हलवल्याच नाहीत तर दर वर्षी आणखी माणसं आपोआप वरच्या पायरीवर ढकलली जातात. पगार वाढलेला असतो फक्त कागदावर. कर वाढतो, आणि कुणाला 'करवाढ' हा शब्द उच्चारावा लागत नाही. दर वाढवला असता तर दादानं फोनवर थैमान घातलं असतं. न हलवलेल्या पायरीबद्दल मी त्याच्या तोंडून आजवर अवाक्षर ऐकलेलं नाही. माझ्याही नाही, खरं तर.

आपल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा नमुना बघायचा असेल तर आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेला यावं. गेल्या सभेत पहिला विषय नवी लिफ्ट. रक्कम एवढी मोठी की कुणाला तिची चवच कळेना. 'तज्ज्ञांनी बघितलंय ना?' 'बघितलंय.' 'मग करा.' मिनिटं चार. दुसरा विषय जिन्यातले दिवे रात्री कधी बंद करायचे. त्यावर सव्वा तास. तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहून म्हणाले, "हा पैशाचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे," आणि मग तो पैशाचाच निघाला. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ मध्ये हेच थट्टेनं लिहून ठेवलंय. समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि कारकुनांच्या सायकलींसाठी छप्पर घालायचं म्हटल्यावर पाऊण तास खल करते. अणुभट्टी कुणाला कळत नाही. छप्पर सगळ्यांना कळतं. मीही दिव्यांवर दोनदा बोलले. लिफ्टवर गप्प होते.

त्याच इमारतीतली दुसरी गोष्ट मला जास्त लागलेली आहे. आधीच्या सचिवांनी पाण्याचे गंजलेले पाइप वेळेवर बदलून घेतले. खर्च झाला, काहीच फुटलं नाही, आणि म्हणून पुढच्या सभेत सगळे विचारू लागले की मग एवढी गरज काय होती? ते पडले. त्यांच्यानंतरच्यांनी पंपाकडे बघितलं नाही, पंप जळला, आणि हे गृहस्थ रात्री अकराला बनियनवर टँकरवाल्याशी भांडताना सगळ्यांना दिसले. ते निवडून आले. बिनविरोध. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या नैसर्गिक आपत्तींवरचा खर्च आणि मतदान पडताळून पाहिलं. मतदार आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीबद्दल सत्ताधाऱ्यांना मतं देतात, आधी केलेल्या तयारीबद्दल देत नाहीत. त्यांच्या अंदाजानं तयारीवरचा १ डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. आमच्या जुन्या सचिवांना हे मी जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो," आणि दिवा बंद करून गेले.

दादाच्या वाक्याचा दुसरा भाग राहिला. फुकटे.

यावर मी आधी एक कबूल करते. मलाही राग येतो. निवडणूक जवळ आली की तिजोरीतून ज्या घाईनं घोषणा निघतात त्या बघून येतो. पण हा राग किती मोठ्या रकमेवर आहे हे मला सांगता येत नाही, आणि यात मी एकटी नाही. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशननं लोकांना अनेकदा विचारलं की सरकारच्या खर्चातला किती भाग परदेशांना मदत म्हणून जातो. लोकांच्या उत्तरांची सरासरी पाव हिश्श्याच्याही वर गेली. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास होता.

आपण देतो ते दिसेनासं झालं की तेही असंच विसरलं जातं. एमी फिंकलस्टाइन या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या टोलनाक्यांचा अभ्यास केला. नोटा मोजून द्यायच्या ऐवजी गाडी न थांबता टोल आपोआप कापला जायला लागला की चालकांना तो किती आहे हेच नीट सांगता येत नाही. आणि मग दरही चढतात, एरवी असते त्याहून २० ते ४० टक्क्यांनी जास्त. माझ्या विम्याच्या हप्त्यासारखंच हे, मेसेज पुसला की संपलं.

पण न दिसता जातं तसं न दिसता येतंही. राज्यशास्त्रज्ञ सुझान मेटलर यांच्या २००८ च्या पाहणीत अमेरिकी लोकांना आधी विचारलं होतं, तुम्ही कधी एखाद्या सरकारी योजनेचा लाभ घेतलाय का? मग योजनांची यादी समोर ठेवून एकेक विचारलं. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी आधी 'कधीच नाही' असं सांगितलेलं निघालं. दरमहा सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांतले ४४ टक्केही तसंच म्हणाले होते. सवलत आपल्याला मिळाली की ती हक्काची वाटते, नियमाप्रमाणे मिळालेली. फुकट मिळतं ते नेहमी दुसऱ्याला.

हे वाचून मी हसले होते, अमेरिकनांना. मग सहाव्या वहीत जून महिना उघडला.

त्या वर्षी दादा इंजिनिअरिंगला लागला. सरकारी कॉलेज. आईच्या अक्षरात, एकाखाली एक, दोन ओळी आहेत: 'दादा – सहामाही फी'. 'दादा – बूट'. बुटांची रक्कम मोठी आहे. थोडीथोडकी नाही, चांगली दुपटीहून जास्त. प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळेतली यंत्रं, वसतिगृहाचं छप्पर, हे सगळं त्या वरच्या ओळीत मावलं होतं, आणि उरलेलं कुणी भरलं ते आईच्या वहीत नाही, कारण ते आईनं भरलेलं नव्हतं. पुढच्या वहीत माझी फी आहे. तिच्याशेजारी बूट नाहीत, मला दादाचे जुने मिळाले होते. पण फी तेवढीच.

आम्ही दोघांनी त्यानंतर कर भरला, इमानानं भरला. फेडलं असेल, कदाचित जास्तच. तरी वरच्या ओळीकडे बघताना 'फुकट्यांना' हा शब्द माझ्या तोंडात तसा सहज येईना. मावशींच्या मुलाची फी मला आठवली. पावतीच्या पाठीवरची सगळ्यात मोठी रक्कम तीच होती.

पानाचा फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. वहिनीनं मधेच एक हसरा चेहरा पाठवला, म्हणजे तिथं वाचन झालं होतं.

बुधवारी रात्री उशिरा दादाचा मेसेज आला.

"बूट मात्र चांगले होते. चार वर्षं टिकले."

मी लिहिलं, "सहा. शेवटची दोन मी घातले."